कोरा कान

टोर्फीचं घर खोऱ्याच्या अगदी टोकाला. त्याच्या पुढे रस्ता नाही. नदी आहे, आणि नदी जिथून येते ते बर्फाचं पठार. दुधाची गाडी तिथे पोचली की वळते, म्हणून बावीस वर्षं मी आठवड्यातून तीनदा टोर्फीच्या अंगणात गाडी वळवली. दोन गाईंचं दूध, एक कॅन, तोही कधी काठोकाठ नाही. कॅन फळीवर ठेवलेला असायचा आणि शेजारी टोर्फी उभा. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावर सारखाच बर्फ असायचा.

शेताचं नाव स्टेक्कुर. एकशेऐंशी मेंढ्या, दोन गाई, तीन घोडे, एक कुत्री. टोर्फीने लग्न केलं नाही. त्याची शाळा म्हणजे लहानपणी फिरता मास्तर यायचा ती, वर्षातून सहा आठवडे. अक्षर मोठं आणि सरळ, कुंपणाच्या खांबांसारखं. बोलणं कमी. काही विचारलं तर आधी तपकिरीची डबी काढायचा, चिमूट ओढायचा, रुमाल खिशात घालायचा आणि मग उत्तर द्यायचा. घाईच्या माणसाने त्याला काही विचारू नये.

पण सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरून मोठ्या दगडी कोंडवाड्यात आल्या की टोर्फीसारखा माणूस नव्हता. आमच्याकडे दर शेताची कानखूण वेगळी. कुठे टोक छाटलेलं, कुठे कान उभा चिरलेला, कुठे मागून खाच, कुठे छाटून वर चिरलेला. साऱ्या खुणा छापलेलं पुस्तक घरोघरी असतं. टोर्फीकडेही होतं, पण ते उघडलेलं मी पाहिलं नाही. आठशे खुणा त्याच्या बोटांत होत्या. धुक्यात, ओल्या लोकरीत, हजार मेंढ्यांच्या कलकलाटात तो नुसता हात घालायचा, कान चाचपायचा आणि शेताचं नाव सांगायचा.

एका वर्षी कोंडवाड्यातल्या त्याच्याच कप्प्यात एक परकी मेंढी निघाली. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टोर्फीने ती उचलली, भरल्या कोंडवाड्यातून सगळ्यांसमोर चालत गेला, मालकापुढे उभी केली आणि म्हणाला, "ही तुझी. चूक माझी." परत येऊन पुढचा कान चाचपायला लागला.

दुसरी गोष्ट गुरुवारची. ऑक्टोबर ते मे, दर गुरुवारी दुपारी चारला सभागृहात पत्त्यांचा ब्रिज. चार टेबलं, मोठ्या किटलीत कॉफी, तळलेल्या क्लेनुरची, म्हणजे पीळ दिलेल्या गोड शंकरपाळ्यांची, परात. टोर्फी कायम खिडकीकडच्या टेबलावर, आणि त्याच्या समोर, जोडीदार म्हणून, ब्रेक्का शेतावरची ओद्नी. ब्रेक्का खोऱ्याच्या मध्यावर. ओद्नीचा नवरा भला माणूस, पण पत्त्यांना हात लावत नसे. ती आणि टोर्फी एकवीस हिवाळे समोरासमोर बसले होते. ओद्नी जलद, तोंडाची तिखट, पानं टाकायची ती कपडे वाळत घातल्यासारखी झटकून. टोर्फी पान असं ठेवायचा जणू अंडं ठेवतोय.

डावाआधी जोडीदाराला आपला हात कळवायची त्यांची बोली जुन्या पद्धतीची. हातात जी पानं जास्त तो रंग बोलायचा, चांगली पानं असली तर पुढे जायचं, नसली तर पास. साधं, सरळ. त्यात टोर्फी कधी चुकला नाही.

मग वसतिगृहाच्या शाळेचा मुख्याध्यापक कोल्बेन याने परदेशातून एक पुस्तक मागवलं. त्यातली नवी बोली त्याने उन्हाळाभर आपल्या भाषेत उतरवली, चौदा पानं टंकलिखित केली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सगळ्यांना वाटली.

"यात एक किल्वर म्हणजे किल्वर नाही," कोल्बेन म्हणाला. "एक किल्वर म्हणजे माझा हात भारी आहे, एवढंच. समोरच्याने मग सांगायचं आपल्याकडे काय आहे. हात हलका असेल तर एक चौकट. मग पहिला विचारत जातो आणि दुसरा उत्तरं देत जातो."

"म्हणजे चौकटही चौकट नाही," ओद्नी म्हणाली.

"नाही."

टोर्फीने डबी काढली. चिमूट ओढून झाल्यावर म्हणाला, "मग किल्वर असली तर काय म्हणायचं?"

सगळे हसले. टोर्फी हसला नाही. त्याने खरंच विचारलं होतं.

"आणखी एक," कोल्बेन म्हणाला. "भाषा आपली असली तरी गुपित नाही. विरुद्ध जोडीने विचारलं, या बोलीचा अर्थ काय, तर जोडीदाराने खरा अर्थ सांगायचा. पत्ते लपवायचे, अर्थ लपवायचा नाही."

तीन गुरुवारांत ओद्नीची चौदा पानं पाठ झाली. खोऱ्यात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं आणि ते तिला माहीत होतं. ईस्टरला अकुरेरीत उत्तरेकडच्या जोड्यांची स्पर्धा असते. पहिल्या तीन जोड्या दक्षिणेत राजधानीला जातात. ओद्नी आणि टोर्फी अकुरेरीला नऊदा गेले होते आणि नऊदा मधेच कुठेतरी राहिले होते. चौथ्या गुरुवारी कोल्बेन कॉफीचा कप घेऊन तिच्या खुर्चीजवळ आला आणि टोर्फीसमोरच म्हणाला, "ओद्नी, तू माझ्याबरोबर खेळ."

ओद्नीने टोर्फीकडे पाहिलं. मग म्हणाली, "टोर्फी, मी तुला खोटं सांगणार नाही. जुन्या बोलीत मला कोंडल्यासारखं होतं. अर्धे पत्ते सांगायचे राहून जातात. मला ही नवी खेळायची आहे. यंदा अकुरेरीला मी तुझ्याबरोबरच येते, पण नवी बोली घेऊन. तुला जमली, तर ही खुर्ची तुझी. नाही जमली, तर पुढच्या हिवाळ्यापासून कोल्बेन."

टोर्फीने रुमाल खिशात घातला. "बरं," म्हणाला.

टोर्फी दुसऱ्या कोणासमोर बसला नसता हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुवार गेला असता तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याच्याशी बोलणारा मीच उरलो असतो, तोही कॅन चढवण्यापुरता.

सराव कसा करायचा हा प्रश्न होता. स्टेक्कुर ते ब्रेक्का सतरा किलोमीटर, आणि नोव्हेंबरनंतर तो रस्ता माझ्या गाडीखेरीज कोणाचा नसतो. शेवटी ओद्नीनेच युक्ती काढली. मी घरी पत्ते पिसून चार वाटण्या करायच्या, समोरासमोरच्या दोन कागदावर उतरवायच्या, दोन पाकिटांत घालायच्या. दूध घ्यायला गेलो की एक पाकीट तिच्या फळीवर, एक टोर्फीच्या. असे आठ-आठ डाव. संध्याकाळी पाचला, गोठ्यात जायच्या आधी, फोनवर बोली करायची.

आमच्या खोऱ्यात चौदा घरांना मिळून एक तार. ब्रेक्काची घंटा दोन आखूड, स्टेक्कुरची लांब-आखूड-लांब. घंटा कोणाचीही असो, वाजते चौदा घरांत. आणि हिवाळ्यात आमच्याकडे घंटा वाजली की रिसीव्हर उचलणं याला कोणी वाईट म्हणत नाही. जितके जण उचलतात तितका आवाज बारीक होतो, एवढंच.

पहिल्या दिवशी मीही उचलला. खोटं कशाला बोलू.

"पहिलं पाकीट," ओद्नी म्हणाली. "एक किल्वर."

 चिमूट ओढल्याचा आवाज तारेवरून आला.

"पास," टोर्फी म्हणाला.

"पास? मी वीस गुणांचा भारी हात घेऊन बसलेय आणि तू मला एक किल्वरमध्ये सोडलंस? किल्वरची दोन पानं आहेत माझ्याकडे."

"माझ्याकडे काहीच नव्हतं."

"काहीच नसलं की काय म्हणायचं?"

 तारेवर कोणाचं तरी घड्याळ टिकटिकत होतं. मग एक तिसराच आवाज आला, म्हातारा आणि खरखरीत. "एक चौकट म्हण रे टोर्फी. मी कधीची वाट बघतेय."

ती होल्ल शेतावरची दिसा. वय एक्क्याऐंशी, आयुष्यात पत्ते हातात धरले नव्हते.

"दिसा, फोन ठेव," ओद्नी म्हणाली. "आवाज येत नाही."

"ठेवते, ठेवते," दिसा म्हणाली, आणि ठेवला नाही.

डिसेंबर असाच गेला. सुरुवातीच्या बोली टोर्फीला हळूहळू जमल्या. अडलं ते पायऱ्यांपाशी. नव्या बोलीत एकजण एखाद्या रंगाबद्दल विचारतो आणि दुसरा पायरीने उत्तर देतो. प्रश्नाच्या लगतची वरची बोली पहिली पायरी, म्हणजे त्या रंगात राजाही नाही, एक्काही नाही. त्याच्या वरची दुसरी, राजा. तिसरी, एक्का. चौथी, दोन्ही. टोर्फी कधी दुसरीला तिसरी म्हणायचा, कधी चौथीवर जाऊन परत पहिली शोधायचा. जानेवारीच्या एका संध्याकाळी ओद्नीचा तोल सुटला.

"आठशे कानखुणा पाठ आहेत तुला. मेलेल्या माणसांच्या मेंढ्या ओळखतोस. आणि चार पायऱ्या, टोर्फी, चार, त्या तुला लक्षात राहत नाहीत? खरं सांग, शिकायचंच नाहीये ना तुला?"

  मग स्टेक्कुरचा रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी वळवली तेव्हा फळीवर कॅन होता, टोर्फी नव्हता. मी मेंढ्यांच्या गोठ्यात गेलो. आत ऊब होती, लोकरीचा आणि सुक्या गवताचा वास. टोर्फी गव्हाणीत बसला होता, मांडीवर कोल्बेनची पानं, आणि एका म्हाताऱ्या मेंढीचा कान त्याच्या दोन बोटांत.

"बस," म्हणाला. त्याने मला बस म्हणायची ती पहिली वेळ. "ओद्नी इस्पिकाबद्दल विचारते. म्हणजे काय विचारते? इस्पिकाचा कान कसा आहे. मी चाचपतो. कोरा असेल तर पहिली. टोक छाटलेलं, राजा, दुसरी. चिरलेला, एक्का, तिसरी. छाटून चिरलेला, दोन्ही, चौथी."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर असणारच. कान आहे तो." मेंढीला सोडून तो उठला. "तिला सांगू नकोस. रागावू दे अजून थोडी."

त्या दिवसापासून टोर्फी चुकला नाही. उत्तर द्यायच्या आधी टोपीखाली बोट घालून स्वतःचा कान चाचपायचा. हे फोनवरून दिसत नव्हतं, मी सांगतो म्हणून कळतं. फेब्रुवारीत ओद्नीचा आवाज बदलला. मार्चमध्ये एकदा तीच चुकली आणि टोर्फीने तिला सांगितलं, तेव्हा चौदा घरांपैकी निम्म्यांनी तरी हसू दाबलं असेल. खोऱ्यातल्या बायका एव्हाना विणताना एकमेकींना पायऱ्यांत उत्तरं देत होत्या. कॉफी उरलीय का, पहिली पायरी.

अकुरेरीला मीच त्यांना घेऊन गेलो. दुधाच्या गाडीला पुढे माणसांची मोठी केबिन असते. ओद्नी, टोर्फी आणि कोल्बेन. कोल्बेनने स्पर्धेत नाव दिलं नव्हतं. त्याला बघायचं होतं. काय बघायचं होतं ते कोणी विचारलं नाही.

दोन दिवस ते असे खेळले की मी तसं पाहिलेलं नाही. टोर्फी मान खाली घालून, बोट कानाशी, एकेक बोली ठेवत गेला. रविवारी दुपारी शेवटची फेरी उरली तेव्हा फळ्यावर त्यांचं नाव तिसरं होतं. कोल्बेन टोर्फीच्या मागे खुर्ची घेऊन बसला. मी ओद्नीच्या मागे. विरुद्ध जोडी शहरातली, एक दातांचा डॉक्टर आणि त्याचा मेहुणा.

शेवटचा डाव. टोर्फी एक किल्वर बोलला. ओद्नीची पानं मला दिसत होती. मधला हात, चौकटीची चांगली माळ, आणि इस्पिकाचा राजा. एक्का नव्हता. दोघांनी बदाम हुकूम ठरवला. टोर्फीने इस्पिक विचारलं. ओद्नी दुसरी पायरी बोलली, राजा. टोर्फीने बोट कानाशी नेलं आणि तो म्हणाला, "सहा बदाम." म्हणजे तेरांतले बारा हात करायचे. तीन पास झाले. पहिलं पान डॉक्टरने टाकायचं होतं.

डॉक्टरने आधी विचारलं, रीतच आहे ती. "तुझ्या जोडीदाराची ती इस्पिकाच्या प्रश्नानंतरची बोली. अर्थ काय?"

टोर्फीने सांगितलं, "इस्पिकाचा एक्का."

 ओद्नीच्या पाठीवरचा स्वेटर ताठ झाला. डॉक्टरने मान हलवली आणि त्याची बोटं इस्पिकावरून सरकून किल्वरच्या पानाकडे गेली. पहिल्या पानानंतर ओद्नीची पानं उघडी होणार, आणि एक्का समोर पडणार असेल तर इस्पिक कोण टाकेल? खरा एक्का मेहुण्याकडे होता, आणि जोडीला राणी. तो डोळे खाली घालून बसला होता. त्याला बोलायची मुभा नव्हती. किल्वर आली असती तर टोर्फी हुकूम काढून चौकटीच्या माळेवर आपली दोन्ही इस्पिकं फेकून मोकळा झाला असता. बारा हात, तिसरा नंबर, राजधानी. नंतर कोणी काही म्हटलंच असतं, तर म्हाताऱ्या माणसाची चूक म्हणून पंचाने सोडूनही दिलं असतं.

ओद्नीने श्वास आत घेतला. तेवढ्यात मी टोर्फीचं बोट पाहिलं. ते टोपीखाली कानाशी होतं. पाळीवरून वर गेलं, टोकाशी थांबलं, परत खाली आलं. कान अख्खा होता.

"थांब," टोर्फी म्हणाला. "पान टाकू नकोस. पंचाला बोलाव."

पंच आला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. टोर्फीने डबी काढली नाही. 

"मी अर्थ चुकीचा सांगितला. आमच्यात ती बोली राजाची आहे, एक्क्याची नाही. पायरी मोजताना मी चुकलो."

पंचाने ओद्नीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमचं ठरलंय ते राजाच. दुसरी पायरी."

डॉक्टरने पानं पुन्हा नीट पाहिली आणि इस्पिक टाकलं. ओद्नीने पानं उघडी मांडली. तिच्या राजाच्या पाठीमागे एक्का आणि राणी बसलेली. दोन इस्पिकं सलग गेली. अकरा हात. डाव बुडाला.

"इतकी काही गरज नव्हती," डॉक्टर उठताना म्हणाला. चांगला माणूस होता, मनापासून म्हणाला.

"मेंढी तुझी होती," टोर्फी म्हणाला.

डॉक्टरला काही कळलं नाही. तो शहरातला.

फळ्यावर त्यांचं नाव पाचवं लागलं.

परतीच्या वाटेवर घाट चढलो. ऊन तिरपं होऊन बर्फ पिवळा झाला होता. मग टोर्फी समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "कोल्बेन, पुढच्या हिवाळ्यात तू बस तिच्यासमोर."

"माझ्यासमोर कोण बसणार ते तुम्ही दोघं ठरवणार?" ओद्नी म्हणाली. "गाडी थांबवायला सांगू का, चालत जाल?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी बोलणारच होते. तू अर्धा श्वास आधी बोललास."

"माहीत आहे."

"कसं झालं ते? तीन महिन्यांत एकदाही चुकला नाहीस."

टोर्फीने आता डबी काढली. खूप वेळ घेतला. त्याने तिला गव्हाणीतली गोष्ट सांगितली, कान, छाटलेलं टोक, चीर. "घरी सावकाश मोजतो तेव्हा कोरा कान पहिला धरतो," म्हणाला. "पण कोंडवाड्यात घाई असते. हात काप शोधतो. कोऱ्या कानावर बोट थांबत नाही, पुढे जातं. तिथे इतके लोक, इतका आवाज. माझ्या बोटाने कोरा कान सोडला आणि छाटलेल्यापासून मोजलं. दुसरा आला चिरलेला."

कोल्बेन इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. घाट उतरून नदी दिसायला लागली तेव्हा त्याने कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली.

"कोरा कान शेवटी ठेवला तर?"

"म्हणजे?" ओद्नी म्हणाली.

"पहिली पायरी राजा. दुसरी एक्का. तिसरी दोन्ही. काहीच नसेल तर चौथी. पुस्तकात तसं नाही. जागा जास्त खाते, पुस्तकवाले नावं ठेवतील."

"पुस्तक लिहिणाऱ्याने मेंढ्या राखल्या नव्हत्या," ओद्नी म्हणाली. "लिही."

कोल्बेन लिहू लागला. रस्ता खराब होता, अक्षर वाकडं येत होतं. मी गाडी हळू केली.

"पण विचारलं कोणी तर तसंच सांगावं लागेल," टोर्फी म्हणाला. "कोरा शेवटी."

"तसंच सांगायचं," कोल्बेन म्हणाला. "आणि मलाही आता पहिल्यापासून शिकावं लागणार." ते तो जरा कुरकुरतच म्हणाला. पण ओद्नीच्या समोरच्या खुर्चीबद्दल तो पुन्हा बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मंगळवारी मी पाकिटं ठेवली. स्टेक्कुरच्या फळीशेजारी टोर्फी उभा होता, डोक्यावर बर्फ नव्हता. ओढे बर्फातून सुटले होते. पाचला लांब-आखूड-लांब घंटा वाजली. मी उचलला.

"पहिलं पाकीट," ओद्नीचा आवाज. बोली सुरू झाली, वर चढली. टोर्फीने बदाम विचारलं. ओद्नीने सवयीने लगतची बोली सांगितली.

"म्हणजे राजा आहे तुझ्याकडे," टोर्फी म्हणाला.

"राजा कुठला? काहीच नाही माझ्याकडे."

"ओद्नी, कोरा कान आता शेवटी."

"अगं, रविवारीच ठरलं ना," दिसाचा आवाज आला. "सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

"दिसा, फोन ठेव."

तिने ठेवला नाही. कोणीच ठेवला नाही. टोर्फीचा आवाज बारीक होत होत दूर गेल्यासारखा येऊ लागला, आणि ऐकू यावं म्हणून आम्ही सगळे श्वास धरून बसलो. तिकडे तो चिमूट ओढत होता. त्याला घाई नव्हती.